प्लेसिओसॉरस डायनासोर नव्हता अन् तो चंद्रपूरचाही नव्हता

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या वरोरा तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरून राहिला. लांबलचक मान, इवलंसं डोकं, पायांच्या जागी चार चपटे पर, अन् खाली लिहिलेलं की चंद्रपूरच्या कोळसा खाणीत समुद्री डायनासोर सापडला, अभिमान असेल तर पुढं पाठवा. लोक पाठवूनही राहिले. एका शाळेच्या प्रदर्शनात पोट्ट्यांनी त्याचंच थर्माकोलचं मॉडेल केलं, नाव बरोबर प्लेसिओसॉरस लिहिलं, पण पाटीवर पुन्हा तेच, 'समुद्रातला डायनासोर'. कोणत्याच मोठ्या माणसानं ते दुरुस्त केलं नाही याचं मला खूप वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे प्लेसिओसॉरस डायनासोर नाही. सरपटणारा प्राणीच, पण कूळच वेगळं. डायनासोरचे पाय शरीराच्या सरळ खाली असत अन् ते जमिनीवर चालत, हा मात्र पूर्ण समुद्रातला, चार परांनी पोहणारा, श्वास घ्यायला पाण्यावर येणारा. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे फोटोत दाखवतात तसा जहाज उलटवणारा राक्षस नव्हेच. दात बारीक, टोकदार, मासे धरायला. अन् मान हंसासारखी वर उभी करून पोहतो असं चित्र सगळीकडं असते तेही चूक आहे, हाडांच्या सांध्यांवरून अभ्यासकांनी दाखवलं की मान तशी वर वळतच नव्हती.

दुसरी गोष्ट जागेची. प्लेसिओसॉरसची हाडं इंग्लंडच्या लाइम रेजिस गावच्या समुद्रकाठच्या कड्यातली. नाव 1821 ला पडलं तुटक्या हाडांवरून, अन् 1823 च्या डिसेंबरात मेरी अॅनिंग नावाच्या बाईला जवळपास पूर्ण सांगाडा सापडला. ती तेव्हा 24 वर्षांची, बाप सुतार, तो 1810 लाच वारलेला, घर चालायचं कड्यातले असे दगड शोधून विकण्यावर. पॅरिसच्या क्युव्हिएला, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या जाणकाराला, मानेतले मणके इतके जास्त दिसले की त्यानं हे बनावट असल्याचा संशय घेतला. म्हणजे तिचा धंदा अन् तिची अब्रू दोन्ही पणाला. पुढं 1824 च्या फेब्रुवारीत लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर चर्चा झाली, सांगाडा खरा ठरला, क्युव्हिएनंही मान्य केलं. पण त्या सांगाड्याचं वर्णन वाचून दाखवलं कॉनिबेअर नावाच्या भूवैज्ञानिक साहेबानं अन् मेरीचं नावच घेतलं नाही. बायकांना त्या सोसायटीचं सभासद व्हायला 1919 साल उजाडावं लागलं, मेरी 1847 लाच गेलेली. आमच्या मुलींना ही गोष्ट सांगा ना, त्या खोट्या फोटोपेक्षा किती मोठी आहे.

आता कोळशाचं. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा 25 कोटी वर्षांहून जुना. तेव्हा डायनासोरच नव्हते, प्लेसिओसॉरस तर पहिले डायनासोर आल्याच्याही नंतरचा, साधारण 19 कोटी वर्षांपूर्वीचा. मग त्या कोळशात तो येईल कुठून? अन् त्याच्या काळात गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाकडं समुद्र नव्हता, नद्या अन् तळी होती. प्राणहिता-गोदावरीच्या त्याच खोऱ्यात, तेलंगणाच्या बाजूला, बारापासॉरसची हाडं निघाली. तो मात्र खरा डायनासोर, झाडपाला खाणारा, सांगाडा कोलकात्याला उभा आहे. समुद्री सरपटणाऱ्याचं हाड आपल्या देशात पाहायचं असेल तर कच्छचं लोडाई गाव आहे, तिथं इक्थिओसॉरचा साडेपाच मीटरचा सांगाडा निघाला, 2017 ला जगाला कळलं.

अन् आपल्या तालुक्यात काय आहे हे तर कोणीच सांगत नाही! पिसदुरा गाव. पावसानंतर शेतात नांगराच्या सरीत काळपट तपकिरी, हातात जड लागणारे गोटे वर येतात, कोणाला वाटते साधे दगड. त्यातले कित्येक म्हणजे 6 ते 7 कोटी वर्षांपूर्वीची दगड झालेली विष्ठा, बऱ्याच जाणकारांच्या मते टायटनोसॉर नावाच्या अगडबंब डायनासोरची. नुसतं विष्ठा म्हणून नाक मुरडू नका. त्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले अन् 2005 ला अख्ख्या जगाला मानावं लागलं की गवत डायनासोरच्या काळातच उगवलं होतं, तोवर ते फार नंतरचं समजत. पुढं 2011 ला त्यातच धानाच्या कुळातल्या गवताचेही पुरावे निघाले. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आजही धान लावतात तिथलाच हा पुरावा, मला तर वाचून अंगावर काटा आला होता.

तर साहेब, माझ्या दोन मागण्या आहेत. रविवारच्या पुरवणीत मेरी अॅनिंग, प्लेसिओसॉरस अन् पिसदुरा असं एकदा सविस्तर द्या, आमच्या पोट्ट्यांना कळेल अशा भाषेत, पाटीवर डायनासोर हा शब्द पुन्हा कोणी चुकीचा लावू नये. अन् दुसरं, शेतात असं हाड किंवा गोटा दिसला तर तो उचलून न्यायचा नाही, विकायचा तर नाहीच, जागेचा फोटो काढून नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑफिसला कळवायचं. त्यांचा पत्ता अन् फोन तुमच्या पेपरात ठळक छापा, पेरणीच्या आधी छापलं तर जास्त बरं, कारण शेत नांगरलं की मगच ते वर येते.

आपला,
वरोरा तालुक्यातला एक शेतकरी वाचक