कार्ड नका देऊ, पण कारण तरी लिहून द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात क्रेडिट कार्डाची मोठ्ठी जाहिरात येते, फोटोतली पोरं विमानतळावर हसून राहिलेली असतात आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं अटी लागू. मी त्या बारीक अक्षरातला माणूस आहे म्हणून हे पत्र. लांब झालं तर कापा, पण नियमाचा जो भाग आहे तो कापू नका.

नंदनवनकडे माझं कूलरचं दुकान आहे. पत्र्याचे कूलर बनवतो, जुने दुरुस्त करतो, ताट्या बदलून देतो, मोटरचं वाइंडिंग करतो. नागपूरच्या वाचकाला हा धंदा समजावून सांगायला नको, होळीच्या आधीपासून जे सुरू होतं ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते, रात्री अकरा वाजता लोक फोन करतात की भाऊ पंप बंद पडला लेकरू झोपून नाही राहिलं, आणि मग जुलै ते डिसेंबर एखादा मिक्सर, एखादा पंखा, पाण्याची मोटर, बस. वर्षाची कमाई त्या चार महिन्यांत. पण माल भरायचा जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे पत्रा, पंप, तांब्याची तार, हनीकोंब पॅड, आणि नेमका तेव्हाच गल्ला रिकामा. इतवारीतले व्यापारी उधार देतात, वर्षानुवर्षांची ओळख आहे, पण उधारीचा भाव वेगळा असतो हे त्यांनाही माहीत आणि मलाही. कार्ड असलं तर बिल भरायची तारीख येईपर्यंत महिना-दीड महिना बिनव्याजी मिळतो, तोवर सीझन लागतो. एवढ्यासाठी कार्ड पाहिजे होतं, विमानतळावर हसायला नाही.

आता फॉर्ममध्ये एक रकाना आहे, मासिक उत्पन्न. काय भरू मी? एप्रिलचं भरलं तर खोटं, ऑगस्टचं भरलं तर मीच स्वतःला कार्ड नाही देणार. वर्षाचं भागिले बारा केलं तर ते स्टेटमेंटशी जुळत नाही, कारण स्टेटमेंट मागतात मागच्या सहा महिन्यांचं. अर्ज जानेवारीत केला की मागचे सहा महिने म्हणजे जुलै ते डिसेंबर, म्हणजे माझ्या धंद्याचा नेमका सुकलेला भाग. शाखेतला पोरगा चांगला होता, हळूच म्हणाला काका तुम्ही जूनमध्ये अप्लाय करा नं. अरे बाबा जूनमध्ये माझ्या हातात पैसा असतो, तेव्हा तुझं कार्ड घेऊन काय करू. पूर्ण बारा महिन्यांचं स्टेटमेंट मी स्वतःहून नेलं होतं, प्रिंट काढून, त्यानं घेतलंच नाही, सिस्टीममध्ये बारा महिन्यांचं अपलोड करायला जागाच नाही म्हणे. संत्रावाले, लग्नाचे मंडपवाले, कॅटरिंगवाले, शेतकरी तर सोडूनच द्या, या विदर्भात अर्ध्या लोकांची कमाई हंगामी आहे आणि रकाना एकच, मासिक.

माझा भाचा मिहानमध्ये एका कंपनीत लागला, त्याच्या तीन सॅलरी स्लिप दिल्या आणि कार्ड घरी. तो अजून प्रोबेशनवर आहे, कंपनीनं उद्या नको म्हटलं तर परवापासून घरी. माझ्या दुकानावर तोच पाटा-हातोडा किती तरी उन्हाळ्यांपासून चालू आहे. भाच्याचं वाईट वाटून घेत नाही मी, पण धोका कोणाचा जास्त हे कोणी तरी समजावून सांगावं.

बरं मी रिटर्न भरत नाही असंही नाही. दरवर्षी भरतो, ४४एडी मध्ये, ज्यात छोट्या धंद्यानं उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या पैशावर ६ टक्के नफा धरून दाखवायचा, वह्या-खतावण्या ठेवायची सक्ती नाही. सरकारनंच छोट्या माणसाला दिलेली सोय आहे ही. इन्कम टॅक्सवाल्यांना ते चालतं, बँक म्हणते बॅलन्स शीट दाखवा, सीएच्या सहीची. जी वही ठेवायची गरजच नाही असं कायदा म्हणतो ती मी कुठून आणू? सीएकडे गेलो तर तो म्हणाला बनवून देतो, इतके लागतील. म्हणजे खऱ्या कागदावर विश्वास नाही आणि पैसे देऊन नंतर बनवलेल्या कागदावर आहे.

जीएसटी नंबरचंही तेच. राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि काम करून देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, माझी उलाढाल त्याच्या कितीतरी खाली. फॉर्ममध्ये मात्र जीएसटी रिकामं सोडलं की पुढचं पान उघडत नाही. मग म्हणे शॉप अॅक्ट लायसन्स द्या. २०१७ च्या नव्या कायद्यापासून माझ्यासारख्या दोन पोरांच्या दुकानाला लायसन्स नसतंच, ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती मिळते. ती पावती दाखवली तर साहेब म्हणतात हे सर्टिफिकेट नाही आहे. हो नाही आहे, कायद्यानंच नाही ठेवलं नं! उद्यमचं, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र आहे माझ्याकडे, त्याच्याकडे कोणी पाहिलं पण नाही.

हे झालं कमाईचं. आता मी म्हणजे मीच आहे हे सिद्ध करायचं.

व्हिडिओ केवायसी चांगली सोय आहे, रिझर्व्ह बँकेनं २०२० पासून चालू केली, शाखेत जायची कटकट वाचते, मी पण खुश होतो. कॉल आला भर दुपारी दुकानात. समोर एक पोरगी, हिंदीत बोलत होती. ओरिजिनल पॅन दाखवा सर. दाखवला. माझं पॅन कार्ड जुनं, कडा पिवळ्या झालेल्या, त्यावरचा फोटो तेव्हाचा जेव्हा डोक्यावर केस होते आणि मिशी नव्हती, आता बरोबर उलटं आहे. सर चष्मा काढा, सर उजेडात या, सर मान डावीकडे, सर पापण्या मिटा. उजेडात म्हणून दाराशी आलो तर मागे पोऱ्या पत्रा ठोकून राहिला, ती म्हणे बॅकग्राउंड में आवाज है. पोऱ्याला थांब म्हटलं तर तो हातोडी घेऊन माझ्या खांद्यामागे येऊन उभा, पाहायला की काका कोणाशी बोलून राहिले. सर पीछे कोई है, आणि कॉल बंद. नंतर कळलं की समोरून कोणी शिकवून राहिलं असं दिसलं तर ते रद्दच करायचं असा नियम आहे, आणि तो नियम मला पटतो सुद्धा, म्हाताऱ्या माणसाला बाजूला बसवून कोणी त्याच्या नावावर कार्ड काढू नये म्हणून आहे तो. पण मग परत कॉल कधी येणार हे तरी सांगा, लिंक एक्सपायर झाली की सगळं पहिल्यापासून काहून भरायला लावता? मी निदान पापण्या तरी मिटू शकतो. ज्यांना ते जमत नाही, ॲसिड हल्ल्यातले लोक, अंध लोक, त्यांच्यासाठी शेवटी सुप्रीम कोर्टाला ३० एप्रिल २०२५ ला सांगावं लागलं की डिजिटल केवायसी त्यांनाही करता येईल अशी बनवा.

शाखेत गेलो तर मशीनवर अंगठा लागेना. वाइंडिंगच्या तारेनं आणि व्हार्निशनं बोटाच्या रेघा गुळगुळीत झाल्या आहेत, पत्र्याचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा, गवंड्याला विचारा. ओटीपीनं भागलं एकदाचं. मग नाव. माझ्या नावात ज्ञ आहे, आधारवाल्यानं इंग्रजीत त्याचं एक स्पेलिंग केलं, पॅनवाल्यानं दुसरं. इन्कम टॅक्स खात्यानं दोन्ही कार्डं लिंक करून घेतली, त्यांना मी एकच माणूस दिसलो, बँकेच्या सॉफ्टवेअरला दोन दिसून राहिलो.

आणि पत्ता. आधारवर गावचा आहे, काटोलकडचा. राहतो भाड्यानं, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, टॅक्सची पावती पण त्याचीच, आणि भाड्याचा करार करायला तो तयार नाही, का नाही ते नागपूरच्या भाडेकरूंना माहीत आहे. आता केवायसीच्या नियमातच लिहिलं आहे की आधारनं ई-केवायसी केली आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल तर ग्राहकानं तसं स्वतः लिहून दिलं की चालतं. मी काउंटरवर हे म्हटलं तर बाई म्हणाल्या आमच्याकडे असं नाही चालत. ज्या बँकेत बसून त्या हे म्हणाल्या त्याच बँकेत माझं खातं आहे आणि त्याच बँकेचं चेकबुक त्याच भाड्याच्या घरी पोस्टानं आलं होतं.

शेवटी मोबाईलवर मेसेज, दिलगीर आहोत, आमच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. आणि संपादक साहेब, माझी मुख्य तक्रार इथं आहे. कार्ड द्यायचं की नाही ही बँकेची मर्जी, पैसा तिचा आहे. पण रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे की क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला तर कशामुळे नाकारला ते नेमकं कारण अर्जदाराला लेखी कळवायचं. नेमकं. अंतर्गत धोरण हे कारण आहे का? पत्ता जुळला नाही म्हणा, कमाई कमी म्हणा, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, नाही म्हणा, मग मी तेवढं एक नीट करून येतो. कारण कळलं नाही की माणूस काय करतो, दुसऱ्या बँकेत अर्ज टाकतो, मग तिसऱ्या, आणि प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंदली जाते, जवळजवळ आल्या तर पुढची बँक म्हणते हा माणूस पैशासाठी फिरून राहिला. म्हणजे कारण लपवलं बँकेनं आणि डाग माझ्यावर.

रिपोर्ट मी काढून पाहिला, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून, सगळ्यांनी काढावा. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० असतो असं आपण ऐकतो, माझा निघाला उणे १. घाबरलो, पण त्याचा अर्थ फक्त एवढा की याचा काही इतिहासच नाही. आयुष्यात कर्ज घेतलं नाही, व्यापाऱ्याची उधारी दरवर्षी पावसाळ्याआधी फेडली, ती कुठंच लिहिलेली नाही. २०२५ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज निव्वळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये. बँकेचा पोरगा म्हणतो एफडी करा, एफडीवर लगेच कार्ड देतो. ज्याच्याकडे पडून असलेले पैसे आहेत त्याला तो रस्ता चांगला आहे, इतिहास तयार होतो. माझ्याकडे जानेवारीत एफडी करायला पैसे असते तर मी पत्राच नसता का घेतला?

बँकांची बाजू नाहीच असं नाही. कोणाच्या तरी पॅनवर तिसऱ्यानंच कार्ड काढलं अशा बातम्या तुम्हीच छापता. आणि विनातारण कर्ज फार वाढून राहिलं म्हणून रिझर्व्ह बँकेनं १६ नोव्हेंबर २०२३ ला क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरचं जोखीम वजन बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के केलं, म्हणजे तेवढ्याच कार्डांमागे बँकेला स्वतःचं भांडवल जास्त अडकवावं लागतं, मग हात आखडणारच. मला हे मान्य आहे. तपासा, कडक तपासा. पण तिकडे कडक आणि इकडे रोज एक फोन, सर आपका कार्ड प्री-अप्रूव्ह्ड है. ज्या बँकेनं नाही म्हटलं तिचाच फोन! मी एकदा विचारलं की तुमच्याच बँकेनं नाकारलं काहून ते सांगा, तर फोन कट.

बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट आहे, आधी बँकेला लेखी तक्रार द्यायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर टाकायची. कार्ड द्या असा आदेश तो देणार नाही, तो बँकेचा धंद्याचा निर्णय आहे, त्यात लोकपाल पडत नाही. पण नियम असून कारण दिलं नाही ही सेवेतली त्रुटी आहे आणि मी तेवढ्याचीच दाद मागितली आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं ऑफिस अगदी डोळ्यासमोर आहे, ज्या चौकाला आपण आरबीआय चौक म्हणायचो तो आता संविधान चौक आहे, सिव्हिल लाइन्सला जाता-येता रोज दिसतं. तिथल्या साहेबांनी नागपुरातल्या दोन-चार शाखांत जाऊन नुसती नाकारलेल्या अर्जांची पत्रं मागवून पाहावी, किती पत्रांत नेमकं कारण आहे ते मोजावं.

यंदाही माल इतवारीतूनच उधारीवर उचलला आहे, पंपामागे जे जास्त लागले ते कूलर घेणाऱ्याच्याच बिलात जाणार, ग्राहकांनी राग मानू नये. आणि वाचकांपैकी कोणाला बँकेकडून खरंखुरं कारण लिहिलेलं पत्र आलं असेल तर त्यानं तुमच्याकडे पाठवावं, नाव आणि नंबर झाकून छापा. तो कागद कसा दिसतो ते एकदा पाहायचं आहे.

आपला,
एक कूलरवाला, नंदनवन, नागपूर