कोथिंबिरीच्या टोपलीबद्दल काकांना पत्र

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात, तरी खालच्या मजल्यावर आलं की हात तुमच्या बेलकडे जातोच. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले असते तर "बरं बरं, चहा घे" म्हणत तुम्ही विषय मोडला असता. सूनबाईंकडून वाचून घ्या.

लेकीसाठी गप्पी आणले तेव्हा मला वाटलं होतं, मासा म्हणजे अंडी घालणारच. ऑक्टोबरात मादी थेट पिल्लंच व्याली. सकाळी लेकीनं सात मोजली, शाळेतून आली तर एकही नाही. नोव्हेंबरातली चार फिल्टरनं ओढून घेतली. मग मी शहाणपणा करून नर वेगळा काढला. महिन्याभरानं मादी पुन्हा गाभण! तेव्हा तुम्ही किती हसलात. "अरे, एकदा संग झाला की ती पुढच्या कितीतरी खेपा त्यावरच विते. नराला कशाला शिक्षा? आणि पहिली पिल्लं गेली कुठे म्हणतोस? आईच खाते." लेक दोन दिवस त्या मादीकडे बघेना.

त्याच संध्याकाळी माळ्यावरून तुमची जुनी वीस लिटरची काचेची पेटी उतरली आणि काकूंची कोथिंबीर धुवायची जाळीदार टोपली गायब झाली. तुरीचा दाणा जाईल एवढंच भोक हवं, म्हणून तुम्ही खरंच डब्यातून तूरडाळ काढून बघितलीत. माशाचे खवले खरवडू नयेत म्हणून टोपलीच्या आतल्या बारीक कडा नेलकटरच्या कानशीनं घासायला अर्धा तास. दोन फूटपट्ट्यांवर टांगलेल्या टोपलीत मादी, खाली मोकळं पाणी. पिल्लू जन्मलं की भोकातून खाली सुटतं, आईला मागे जाता येत नाही. दुकानातल्या प्लास्टिकच्या डबीत मादी धड वळूही शकत नाही, ती घुसमटते, हे तुमचं म्हणणं मला आता पटलंय.

फिल्टर तर त्याहून भारी. स्पंजचा ठोकळा, मधोमध रिकाम्या पेनाची नळी, तिच्यात हवेच्या पंपाची बारीक नळी, बुडी मारायला एक दगड. बुडबुडे वर चढताना पाणी ओढतात, ते पाणी स्पंजातून गाळून येतं आणि पिल्लू काही आत जात नाही. उलट स्पंजावर साठलेलं काहीबाही टिपत बसतात. तो स्पंज आधी पंधरा दिवस मोठ्या टाकीत बुडवून ठेवायला लावलात, तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला होता. पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू त्यात आधी वसावे लागतात, हे नंतर समजलं. नळाखाली धुतला तर क्लोरिननं ते मरतात, म्हणून आता टाकीतल्याच पाण्यात पिळतो.

पाणी काढायला तुम्ही औषधाच्या दुकानातून सलाईनची कोरी नळी आणलीत. तोंडाला मलमलचा तुकडा बांधायचा आणि चाकानं धार कमीजास्त करायची. आमच्या सोसायटीत ही नळी बघून एकानं घाबरून विचारलं होतं, घरात कोण आजारी आहे?

एका बाबतीत मात्र तुम्ही जुगाड करू दिला नाहीत. डिसेंबरात नाशिकची थंडी, आणि मी म्हणत होतो की पाण्यावर बल्ब लटकवू. "पाण्याशी वीज आली की विकतचं आणायचं," म्हणून 25 वॉटचा हीटर घ्यायला लावलात. पेटीला बाहेरून थर्माकोल लावलं, पाणी 26 अंशांवर राहिलं.

एका पहाटे 34 पिल्लं दिसली, जेमतेम पाऊण सेंटिमीटरची. मादीला लगेच मोठ्या टाकीत सोडलं. काकूंच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, म्हणून उकडलेलं अंडं आमचं आणि बलक गाळायचं फडकं काकूंचं असा करार झाला. (ते फडकं त्यांनी परत घेतलं नाही, हेही नमूद करतो.) दिवसातून चारदा, सुईच्या टोकावर मावेल इतकंच. एकदा हात सैल सुटला, पाणी दुधाळ झालं आणि पाच पिल्लं गेली. ती चूक पूर्ण माझी.

बाकीची 29 जगली. नरांच्या शेपटीवर आता रंग चढतोय. एका नराला लेकीनं तुमचं नाव दिलंय, रागावू नका.

आणि काकूंना सांगा, त्यांची टोपली इतक्यात मिळायची नाही. परवापासून दुसरी मादी आत आहे, पोट पार चौकोनी झालंय.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा