नंदी खाली, लेकरू खाटेवर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोळा आठ दिवसांवर आलाय. आमच्या गावच्या पोरांनी यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या लाकडी नंदींच्या सणाला, सरकारी दवाखान्यातल्या लहान मुलांच्या वॉर्डात खेळणी न्यायचं ठरवलं आणि ‘काका, काय न्यावं?’ म्हणून माझ्याकडे आले. पोलिओच्या वॉर्डात तीन महिने काढलेला गावात मी एकटाच ना!

साल 1974. मी सहा वर्षांचा. नागपूरला पायाचं ऑपरेशन झालं, मांडीपर्यंत प्लास्टर. कॉलेजची मुलं रविवारी खेळणी घेऊन यायची. मला चाकांचा लाकडी नंदी मिळाला. पण नंदी फरशीवर, मी खाटेवर. उतरू कसा? एका मुलाच्या ते ध्यानात आलं. त्यानं खोक्याची सुतळी सोडून नंदीला दोन्हीकडून बांधली. पुढचं टोक माझ्या हातात, शेपटाकडचं पलीकडच्या खाटेवरच्या पोट्ट्याकडे. मी ओढला की माझ्याकडे, त्यानं ओढला की त्याच्याकडे. नर्सबाई अडखळून पडायच्या, रागवायच्या. सुतळी मात्र त्यांनी कधी सोडली नाही.

आता तो वॉर्ड राहिला नाही. देशातला पोलिओच्या मूळ (रानटी) विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला, 27 मार्च 2014 ला प्रमाणपत्रही मिळालं. पायाला आधाराचं कॅलिपर घालणारे आम्ही तेवढे उरलो. पण आपल्या विदर्भातल्या वॉर्डांत सिकलसेलची लेकरं असतात. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारक्या नसांत अडकतात, हातपाय असे ठणकतात की विचारू नका. थंडी बाधली, अंगातलं पाणी कमी पडलं की पुन्हा भरती. एका हाताला सलाईन. म्हणून पोरांना सांगितलं, एका हातानं खेळता येईल तेच घ्या. कापसाचं अस्वल दिसायला गोड, पण धुवायचं कोणी? आणि एकाचं दुसऱ्यानं घ्यायचं तर साबणानं धुता आलंच पाहिजे.

आणखी एक. दोन वर्षांमागं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एका दवाखान्यात खेळणी वाटली. माझा नातू तिथंच भरती होता. हातात मोटार दिली, फोटो काढला, संध्याकाळी मोटार कपाटात! हरवतील म्हणे. हरवू द्या की. खेळणं हरवायलाच असतं. वाटणाऱ्यांनी आधी सिस्टरांशी बोलून घ्यावं आणि खेळणं लेकराबरोबर घरी जाईल हे ठरवून घ्यावं. बॅनर नाही नेला तरी चालतं. नेहमी तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागायला लेकरं दारोदार जातात; यंदा आपण त्यांच्या खाटेपाशी जाऊ.

पोरांनी सुताराकडे बारा नंदी सांगितलेत. दोऱ्या मी वळतोय.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ