चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया' या तुर्की सिनेमावरचा लेख वाचला. कॅमेरा, गाड्यांच्या हेडलाइटमधलं ते पिवळं गवत, सगळ्यावर मस्त लिहिलंय, पण बायकांबद्दल एकच वाक्य, की हा पुरुषांचा सिनेमा आहे, आणि तिथेच विषय संपवला. मला ते अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय.

नुरी बिल्गे जेयलानचा हा पिक्चर 2011 चा, कान चित्रपट महोत्सवात त्या वर्षीचं ग्रां प्री बक्षीस त्याला विभागून मिळालं होतं. केस्किन गावाच्या आसपास पोलीस, सरकारी वकील, डॉक्टर आणि खुनाचे आरोपी रात्रभर पुरलेलं प्रेत शोधत फिरतात, गाडीत म्हशीच्या दह्यावर गप्पा चालतात, आणि त्या सगळ्या ताफ्यात एक पण बाई नाही. इथपर्यंत लेखकाचं बरोबर.

पण मग सगळे सरपंचाच्या घरी थांबतात, लाइट जाते, आणि त्याची मुलगी दिवा ठेवलेला चहाचा ट्रे घेऊन येते. प्रत्येक पुरुष तिच्याकडे बघत राहतो, एक आरोपी तर रडायला लागतो, ती मात्र एक शब्द बोलत नाही, चहा देते नि जाते. माझ्या सासूबाई शेजारी बसून बघत होत्या, तुर्की कळत नाही, खालची इंग्लिश अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, तरी म्हणाल्या, "अगं, ही पोरगी बोलणारच नाही का?" आमच्याकडे बघायला मंडळी आली की ट्रे घेऊन बाहेर जायचं, मान खाली, विचारलं तरच बोलायचं, हे त्यांनी पण केलंय आणि मी पण, त्यामुळे तो सीन आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सरकारी वकील डॉक्टरला एका बाईच्या मरणाची गोष्ट सांगतो, ती तुकड्यातुकड्यात पुढे सरकते, आणि ती बाई कोण होती हे कळल्यावर पोटात गोळा येतो, पण तिची बाजू सांगायला ती नाहीच. खून झालेल्याची बायको गुल्नाझ, तिच्या तोंडी पण जवळजवळ शब्द नाहीत. म्हणजे बायका नाहीत असं नाही हो, सगळं त्यांच्याभोवतीच फिरतंय, फक्त बोलायचं काम पुरुषांनी घेतलंय. दिग्दर्शकाने हे जाणूनबुजून दाखवलंय असं मला वाटतं, तरी गुल्नाझला दोन वाक्यं द्यायला हवी होती ही माझी तक्रार आहेच.

दुसरी गोष्ट लेखात आलीच नाही. सिनेमातल्या पोलिसांच्या साहेबाचं, नाजीचं, काम करणारा नट यिल्माझ एर्दोआन तुर्कस्तानातल्या हक्कारीचा, कुर्द, म्हणजे तिथल्या अल्पसंख्य समाजातला आहे. तुर्कस्तानात 1983 च्या कायद्याने कुर्दी भाषेवर बंदी होती, ती 1991 मध्ये उठली. अशा देशात कुर्द नट पोलिसांचा साहेब होतो ही मोठी गोष्ट आहे, पण पडद्यावर तो साहेब कुर्द आहे असं काही दिसत नाही. आणि ड्रायव्हर अलीला सगळे 'अरब' म्हणून हाक मारतात, तुर्कीत सावळ्या माणसाला पण असं म्हणतात, कोणाला त्यात काही खटकत नाही.

हे मला एवढं का लागतं, तर हिंदी पोलीसपटात मराठी माणूस म्हणजे हवालदार आणि मराठी बाई म्हणजे भांडीवाली, हे लहानपणापासून बघतेय. आम्ही इंदूरचे मराठी लोक होळकरांच्या काळापासून इथे आहोत, आमचं हिंदी मिसळलेलं मराठी पडद्यावर कोणी सरळपणे, हसवण्यासाठी नाही, बोलताना मी अजून ऐकलेलं नाही. म्हणून कोण दिसलं एवढ्यावर भागत नाही, कोणाला काय बोलायला दिलं ते पण लेखात यायला हवं.

लेखकाला माझी विनंती कळवा, तो चहाचा सीन परत एकदा बघा, फक्त त्या मुलीकडे लक्ष ठेवून, आणि पुढच्या रविवारी त्यावर लिहा.

आपली एक वाचक,
इंदूर