मॉर्गन यांची नोकरी सत्य छापल्यामुळे गेली नव्हती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश पत्रकार पिअर्स मॉर्गन यांच्यावरील लेख वाचला. अठ्ठाविसाव्या वर्षी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चे संपादकपद, मग ‘डेली मिरर’, तिथून सीएनएन आणि ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’ हा प्रवास लेखकाने बरोबर मांडला आहे. परंतु ‘इराकमधले सत्य छापले म्हणून 2004 साली त्यांची नोकरी गेली’ हे वाक्य साफ चुकीचे आहे. इंदुरात पत्रकारिता शिकणारी मराठी मुले मॉर्गन यांच्या मुलाखतींचे तुकडे मोबाइलवर पाहून निवेदनाचे धडे घेतात. ही घटना त्यांच्यापर्यंत उलटी पोचू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

1 मे 2004 रोजी मिररने पहिल्या पानावर एक कृष्णधवल फोटो छापला. डोक्यावर पोते घातलेला कैदी आणि त्याच्या अंगावर लघवी करणारा ब्रिटिश सैनिक. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी कैद्यांचे केलेले हाल दाखवणारे फोटो अमेरिकन वाहिनीवर दिसून दोन-तीनच दिवस झाले होते, त्यामुळे हाही फोटो अनेकांना लगेच पटला. शंका काढली ती सैन्यात वर्षे घालवलेल्या माणसांनी, आणि ती वस्तूंवर बोट ठेवून काढली. सैनिकाच्या हातातली एसए-80 रायफल इराकमधल्या तुकड्यांना दिलेल्या सुधारित प्रकारची दिसत नव्हती. बुटांच्या नाड्या फुलीफुलीने ओवल्या होत्या. ब्रिटिश सैनिक त्या आडव्या, एकमेकींना समांतर ओवतो. कैद्याला बेदम मारल्याचे बातमीत म्हटले होते, पण त्याच्या शर्टावर ना घामाचा डाग, ना धूळ. शेवटी प्रश्न आला ट्रकचा. फोटोतल्या बेडफर्ड प्रकारचा ट्रक इराकला कधी गेलाच नव्हता, असे 13 मे रोजी संरक्षण राज्यमंत्री अ‍ॅडम इन्ग्रॅम यांनी संसदेत सांगितले. 14 मेला मॉर्गन यांना काढण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी मिररने पहिल्याच पानावर ‘आम्ही फसवले गेलो’ म्हणत माफी मागितली.

रायफल, नाडी, शर्ट, ट्रक. यातले काहीही तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. फोटो मोठा करून एखाद्या निवृत्त हवालदारासमोर ठेवला असता, तरी छापण्याआधीच चार प्रश्न उभे राहिले असते. मग चूक झाली कशी? एक कारण टॅब्लॉइडच्या पानातच आहे. पान मोठ्या वर्तमानपत्राच्या निम्म्या आकाराचे, त्यावर एकच फोटो आणि तीन-चार शब्दांचा मथळा. ‘असा दावा आहे’ हे शब्द आत, लहान टाइपात जातात आणि वाचकाच्या डोळ्यात फोटो तेवढा राहतो. देवनागरीत तर वेलांटी, रफार आणि उकार यांच्यासाठी ओळीच्या वर-खाली जागा सोडावी लागते, म्हणून मथळ्यातून सगळ्यात आधी सावधगिरीचा शब्दच उडतो. अशा पानावर फोटोला मजकुरापेक्षा कडक तपासणी हवी. बहुतेक ठिकाणी होते उलटेच.

या चुकीची सर्वात मोठी किंमत मॉर्गन यांनी मोजली नाही. हे फोटो ज्या क्वीन्स लँकेशायर रेजिमेंटच्या नावावर खपवले गेले, तिच्याच ताब्यात बसरा येथे सप्टेंबर 2003 मध्ये बहा मूसा हा हॉटेलात काम करणारा 26 वर्षांचा तरुण मारहाणीत मेला होता. त्याच्या अंगावर 93 जखमा होत्या. अत्याचार खरा होता आणि त्याच्या चौकशीचा अहवाल यायला 2011 साल उजाडले. खोट्या फोटोंमुळे ‘हेही बनावटच असेल’ म्हणायला लोकांना आयते निमित्त मिळाले. आमचा खरा संताप या गोष्टीचा आहे.

आपल्याकडे पुराचे, अपघाताचे, दंगलीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात आणि तासाभरात पानावर लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते, म्हणून मूळ फाइलच मागावी, शक्यतो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा मेलने. त्याच प्रसंगाचे आधीचे आणि नंतरचे दोन फोटो मागावेत. स्वतः काढणाऱ्याकडे ते बहुधा असतात, फॉरवर्ड करणाऱ्याकडे नसतात. फोटो इंदूरचा म्हणून आला आणि रस्त्यावर एमपी 09 ची एकही गाडी दिसत नसेल, तर थांबावे. पाट्यांची भाषा पाहावी, सावली सांगितलेल्या वेळेशी जुळते का तेही पाहावे. फोटोच शोधयंत्रात टाकून (रिव्हर्स इमेज सर्च) तो जुना आहे का हे बघायला दोन मिनिटे लागतात. मात्र शोधात सापडला नाही म्हणजे खरा, असे धरू नये. मिररचे फोटोही आधी कुठे छापलेले नव्हतेच.

टीव्हीवरच्या कारकिर्दीबद्दल थोडेच. मेगन मार्कल यांच्याविषयीच्या विधानांनंतर मार्च 2021 मध्ये मॉर्गन यांनी ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’ सोडले, ऑफकॉम या ब्रिटनमधील प्रसारण नियामक संस्थेकडे 57 हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, हे लेखात आहे. सप्टेंबरमध्ये ऑफकॉमने नियमभंग झाला नसल्याचा निर्णय दिला, हे नाही. डिसेंबर 2023 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने फोन हॅकिंग (लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकणे) प्रकरणी मिरर समूहाविरुद्ध प्रिन्स हॅरी यांच्या बाजूने निकाल दिला, त्याचाही उल्लेख नाही. मॉर्गन यांनी आपला सहभाग कायम नाकारला आहे. त्यांच्या बाजूची गोष्ट आणि त्यांच्याविरुद्धची, दोन्ही गळाल्या आहेत.

विनंती एवढीच, की दुरुस्ती त्याच पुरवणीत आणि त्याच पानावर यावी. चुकीचे वाक्य जसेच्या तसे देऊन त्याखाली बरोबर माहिती छापावी. संकेतस्थळावरील लेखात मजकूर गुपचूप न बदलता दुरुस्तीची तारीख वरच टाकावी.

आपले,
काही निवृत्त उपसंपादक,
रामबाग, इंदूर