मुक्ताच्या लातूरच्या इमारतीबद्दल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले नकाशे काल रात्री सावकाश पाहिले. खाली गाळे, मागे पार्किंग, दोन मजले ऑफिसं, वर फ्लॅट. एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, देखणं झालंय. पण मला तळमजल्याबद्दल बोलायचंय, कारण अशा इमारतींच्या बहुतेक अडचणी तिथे सुरू होतात आणि वर चढत जातात.

मालकाला रस्त्याकडे भिंत नको असते. दोन शटरांच्या मध्ये कॉलम आला की गाळ्याचा भाव उतरतो, असं तो म्हणणारच. मागे पार्किंग, म्हणजे तिथेही मोकळंच. वर मात्र प्रत्येक फ्लॅटला विटांच्या भिंती. वरचे मजले ताठ आणि खालचा लेचापेचा: हीच सॉफ्ट स्टोरी. भूकंपात सगळी हालचाल त्या एका मजल्यात गोळा होते आणि कॉलम वर-खाली टोकांशी मोडतात. 26 जानेवारी 2001 ला भूजच्या भूकंपात, केंद्रापासून 200 किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत, खाली पार्किंग असलेल्या कितीतरी इमारती अशाच बसल्या.

आणि तू काम करतेस लातूरला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हललं तेव्हा मी कॉलेजात होतो. नंतर आम्ही मुलं मोजमापं घ्यायला त्या गावांत गेलो. मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती आणि माळवदावरचा मातीचा थर, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं होतं. तेव्हाच्या भूकंपाच्या मानकाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. 2002 च्या सुधारणेत तो झोन तीनमध्ये आला. बिल्डर तुला सांगतील, ‘मॅडम, पडली ती दगड-मातीची घरं, आपलं आरसीसी आहे, सळ्या घातलेलं काँक्रीट.’ हे मान्य करू नकोस. आरसीसी कसं उभं केलंय, यावर सगळं आहे.

तुझ्या नकाशात दोन ठिकाणी फ्लॅटचा कॉलम गाळ्यात अडचण होते म्हणून खालपर्यंत न नेता बीमवर उभा केलेला दिसतो, म्हणजे फ्लोटिंग कॉलम. ते दोन्ही काढून टाक. आधी पार्किंगची ग्रिड, म्हणजे कॉलमच्या ओळी, बसव: एका गाडीला अडीच मीटर, म्हणजे तीन गाड्यांना कॉलमच्या आतून आत साडेसात. तीच गाळ्यांना चालते का बघ, मग फ्लॅट त्यावर रच. उलट्या क्रमाने गेलं की फ्लोटिंग कॉलम येणारच. लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती पायापासून गच्चीपर्यंत सलग ने, पण त्या सगळ्या एकाच कोपऱ्यात नकोत. तसं झालं तर इमारत पीळ खाते. समोरच्या बाजूलाही थोडी भिंत लागेल. त्यासाठी मालकाशी भांडावं लागलं तर भांड.

आता जिना. लातूरमध्ये ज्या मजल्यावर आज तू ‘ऑफिस’ लिहितेस, तिथे उद्या नीटचा क्लास बसेल. भाडं तिथेच आहे. ऑफिसात तीस माणसं दिवसभर सुटी सुटी ये-जा करतात. क्लासमध्ये शेकडो मुलं एकाच मिनिटाला उठतात. 24 मे 2019 ला सुरतमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली, 22 मुलं गेली, काहींनी खिडकीतून उड्या घेतल्या होत्या. म्हणून दुसरा जिना केवळ मंजुरीपुरता कोपऱ्यात ढकलू नकोस. रोज वापरात नसलेल्या जिन्यात सहा महिन्यांत खोकी भरतात आणि दाराला कुलूप लागतं. तो पार्किंगकडे उघडला तर मुलं सायकली घ्यायला त्यानेच उतरतील आणि तो मोकळा राहील. दीड मीटरहून अरुंद करू नकोस. फ्लॅटवाल्यांचा जिना वेगळाच हवा, आणि वरून येणारा कुठलाही जिना सरळ तळघरात उतरवू नकोस, धूर त्याच वाटेने वर येतो.

फ्लॅटच्या संडास-बाथरूमच्या लाइनी ऑफिसच्या छतातून जातायत. त्यांना शाफ्ट, म्हणजे पाइपांसाठी वरपासून खालपर्यंत उभी पोकळी, दे, आणि तो शाफ्ट कॉमन पॅसेजमधून उघडेल असा ठेव. नाहीतर गळती काढायला प्लंबरला कुणाच्या तरी बंद केबिनची किल्ली मागत फिरावं लागेल.

पश्चिमेच्या काचेचं एवढंच: दुपारी चारचं ऊन तिरपं येतं, आडव्या छज्जाने ते थांबत नाही. उभ्या पट्ट्या लाव, काच अर्धी कर. पाण्याचं तुला वेगळं सांगायला नको, 2016 ला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी तू पाहिलंयस. गच्चीचं पाणी टाकीत घे, आणि आगीसाठीचं पाणी रोजच्या वापरात जाणार नाही अशी टाकीची रचना कर.

रविवारी येशील तेव्हा सेक्शन, म्हणजे इमारतीचे उभे छेद, घेऊन ये, नकाशे पुरत नाहीत. मातीचा अहवालही आण. काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो, हे कळल्याशिवाय मला तळघरावर काही बोलता येणार नाही. तुझ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेळ असेल तर त्यालाही सोबत आण, आई जेवणाचं बघतेय.

तुझे,
बाबा