आरशात न दिसलेल्या सायकलस्वाराचे पत्र

आदरणीय चालकदादा,
सविनय नमस्कार.

आपले नाव विचारायचे त्या दिवशी मला सुचले नाही, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. ते आपल्या हाती पडेल की नाही, ठाऊक नाही; पण अवजड वाहने चालवणाऱ्या कुणाच्या तरी वाचनात येईल, अशी आशा आहे.

सिग्नल लाल होता आणि आपला ट्रक रांगेत सर्वांत पुढे उभा होता. ट्रक आणि रस्त्याची कड यांच्यामध्ये सायकल सहज जाईल एवढी जागा दिसली, तशी मी तिथून पुढे सरकलो. वळण्याचा इंडिकेटर मला दिसलाच नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. दिसला होता, पण सिग्नल सुटताच मी आधी निसटेन, असा हिशेब मी केला होता. सिग्नल सुटला, ट्रक वळू लागला आणि माझ्या शेजारची ती भलीमोठी लोखंडी भिंत माझ्याच अंगावर येऊ लागली. मागची चाके वीतभर अंतरावर असताना आपण गाडी जागच्या जागी थांबवलीत.

एवढ्यासाठीही मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. परंतु हे पत्र लिहायला मला भाग पाडले ते त्यानंतर घडलेल्या गोष्टीने. आपण ट्रक पुढे नेऊन बाजूला लावलात, खाली उतरलात आणि एकही कठोर शब्द न बोलता मला केबिनमध्ये चढून आपल्या जागेवर बसायला सांगितलेत. (शिव्या मिळाल्या असत्या तर त्या मी निमूटपणे ऐकून घेतल्या असत्या आणि बहुधा दोन दिवसांत विसरलोही असतो.) मग माझी सायकल हाती धरून आपण ट्रकच्या मागून, कडेकडेने, पुढे चालत आलात. आरशात आपण स्पष्ट दिसत होतात. दाराच्या जवळ आलात आणि दिसेनासे झालात. मी मान वाकडी करून पाहिले, सीटवरून अर्धा उठलो, तरी आपण कुठेच नव्हतात. आवाज मात्र खिडकीच्या अगदी खालून येत होता. नंतर केबिनच्या नाकासमोर येऊन उभे राहिलात, तेव्हाही काचेतून मला फक्त रस्ताच दिसला. ट्रक मला एवढा मोठा दिसतो, तेव्हा मीही ट्रकवाल्याला दिसत असणारच, हा माझा अनेक वर्षांचा समज तिथे गळून पडला.

मग मी दिसलो नसताना गाडी थांबली कशी, असे मी विचारले. त्यावर आपण म्हणालात की, आरशात आलेला माणूस पुढे निघालेला दिसला नाही, म्हणजे तो मध्येच कुठेतरी आहे. न दिसणाऱ्या माणसाचाही हिशेब ठेवणारा चालक माझ्या वाट्याला आला, हे माझे भाग्य.

वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला कापत जातात, हेही आपणच रस्त्यावर बोटाने रेघ ओढून समजावलेत. लांब गाडी वळण्यापूर्वी किंचित बाहेरच्या अंगाला जाते आणि त्यामुळे आत जी जागा मोकळी झालेली दिसते, ती खरे तर मागच्या चाकांसाठी राखलेली असते. मी नेमका त्या जागेत शिरलो होतो. आता इंडिकेटर लागलेल्या मोठ्या वाहनाच्या मागेच मी थांबतो. त्यात फार तर अर्धा मिनिट जातो.

पण आपल्या जागेवर बसल्याचा खरा परिणाम दुसरीकडेच झाला. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत 2022 मध्ये एक तत्त्व आले: ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्याच्यावर इतरांना जपण्याची जबाबदारीही अधिक. ते वाचले तेव्हा मी खुशीत मोटारींकडे बोट दाखवले होते. जर्मनीत 2020 पासून सायकलला ओलांडताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवण्याचे बंधन आहे, हेही मी लोकांना ऐकवत असे. पायी चालणाऱ्याच्या कोपराला घासून जाताना मी स्वतः किती अंतर ठेवतो, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. त्याच्या दृष्टीने तो ट्रक मीच होतो.

त्यामुळे घंटी वाजवण्याची माझी पद्धत बदलली आहे. पूर्वी मी ती अगदी पाठीशी येऊन वाजवत असे. माणूस दचकून नेमका माझ्याच वाटेत उडी मारी आणि वर मीच चिडत असे. आता ती लांबून वाजवतो, केवळ येत असल्याची वर्दी म्हणून, आणि समोरचा बाजूला झाला नाही तर त्याला ऐकू येत नसेल असे धरून वेग कमी करतो. अंतर मात्र अजूनही कधीकधी चुकते, हे कबूल केले पाहिजे.

आपण निघालात तेव्हा मी मुद्दाम मागे जाऊन आरशात दिसेन अशा जागी उभा राहिलो होतो. खिडकीतून आपला हात वर झाला, म्हणजे मी दिसलो होतो.

आपला कृतज्ञ,
एक सायकलस्वार